घराची स्वच्छता, नदीचे आरोग्य

स्वच्छता हा महाराष्ट्राच्या लोकजीवनातील एक जुना संस्कार आहे. पहाटे अंगणात सडा पडावा, त्यावर रांगोळी उमटावी, दसरा-दिवाळीपूर्वी घरातील भांडीकुंडी उन्हात यावीत आणि भिंतींवरून चुन्याचा हात फिरावा, ही रीत खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन हा संस्कार घराच्या चौकटीबाहेर नेला. गावात कीर्तन होण्यापूर्वी त्या गावचे रस्ते झाडून काढावयाचे, हा त्यांचा परिपाठ होता. राज्य शासनाने २०००-०१ या वर्षी सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव देण्यात आले, हे यथार्थच होय.

तथापि, गेल्या काही दशकांत घरातून बाहेर पडणाऱ्या मळाचे रूप पालटले आहे. पूर्वी घर झाडल्यावर निघणारा केर म्हणजे बहुतांशी माती, राख आणि पालापाचोळा. तो उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात पसरला जाई. आज मोरीतून वाहणारे पाणी आपल्याबरोबर धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, फरशीचे फिनेल आणि संडास धुण्याचे आम्ल घेऊन जाते. घर लख्ख होते खरे; परंतु मळ नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. म्हणूनच कोणत्या मळासाठी कोणता पदार्थ, किती प्रमाणात वापरावा आणि वापरल्यानंतर तो कोठे जातो, एवढा विचार प्रत्येक घरात होणे अगत्याचे झाले आहे.

मोरीपासून चंद्रभागेपर्यंत

पुणे परिसराचे उदाहरण घ्यावे. शहराचे सांडपाणी मुळा-मुठेच्या खोऱ्यात उतरते. पिंपरी-चिंचवडचे पवना आणि इंद्रायणी या नद्यांकडे जाते. या साऱ्या नद्यांचे पाणी अखेर भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. सोलापूर शहराची तहान याच जलाशयावर भागते. धरणाखाली सोडलेले पाणी पुढे पंढरपूरला पोहोचते आणि तेथे लाखो वारकरी चंद्रभागा म्हणून त्यात स्नान करतात. एका शहराच्या मोरीत ओतलेल्या बादलीचा दुसऱ्या शहराच्या घागरीशी असा थेट संबंध आहे. सांडपाण्याचा काही भाग शुद्धीकरण केंद्रांतून जातो, काही भाग प्रक्रियेविनाच नदीस मिळतो. आणि सर्वसाधारण शुद्धीकरणातही पाण्यात विरघळलेले फॉस्फेट पूर्णपणे निघून जात नाही.

धुण्याच्या पावडरीचा परिणाम दोन प्रकारे होतो. पहिला परिणाम फेसाचा. तेलकट मळ सुटा करणारी रसायने पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. त्यांचे प्रमाण वाढले की माशांच्या कल्ल्यांना इजा पोहोचते आणि पाणी उंचावरून पडते तेथे फेसाचे थर साचतात. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांना हाच अनुभव आला. त्या काळच्या डिटर्जंटमधील रेणूंची रचना अशी होती की, पाण्यातील जिवाणूंना त्यांचे विघटन करणे कठीण जाई. १९६५ च्या सुमारास लवकर विघटन होणारी नवी रसायने वापरात आली आणि तेथील फेस ओसरला. आळंदीच्या इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत तरंगताना दिसलेल्या पांढऱ्या फेसामागे कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर घराघरांतील सांडपाण्याचाही वाटा असतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. विघटनशील रसायनालाही विघटन होण्यास वेळ आणि प्राणवायू लागतो. नदीत ते दोन्ही अपुरे पडले की फेस उरतो.

दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून ठेवण्यासाठी काही पावडरींत फॉस्फेट घातले जाते. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणून ओळखतो, तेच हे खत. पिकाला जे पोसते तेच पाण्यातील शेवाळाला आणि जलपर्णीलाही पोसते. कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका तळ्याच्या मध्यभागी पडदा घालून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र मिसळले, स्फुरद मात्र एकाच भागात घातले. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला. दुसरा भाग पूर्ववत राहिला. शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. नदीतील स्फुरद केवळ धुण्याच्या पावडरीतून येत नाही, मैला आणि शेतातील खते यांतूनही येते, हे खरे. परंतु धुण्याच्या पावडरीचा वाटा असा आहे की जो घरातल्या घरात आजच कमी करता येतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाची दखल लवकर घेतली होती. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा असून त्यानुसार १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ साली आला. मात्र कायद्याचा हात कारखान्याच्या नळापर्यंत पोहोचतो. घरातील मोरीपर्यंत पोहोचावयाचा तो घरातल्यांचा विवेकच.

मळाची जात ओळखावी

स्वच्छतेचे अर्धे शास्त्र मळाची जात ओळखण्यात आहे. धूळ ही कोरडी असते; तिला झाडू आणि ओले फडके पुरे. तेल-तुपाचा ओशटपणा अल्कधर्मी पदार्थांनी सुटतो. साबण, धुण्याचा सोडा आणि लाकडाची राख ही त्याची औषधे. नळावरील पांढरे क्षार, तांब्या-पितळेवरील काळपट किंवा हिरवट थर आणि गंजाचे डाग यांना आम्ल लागते. चिंच, आमसूल, लिंबू व शिरका हे घरातले आम्ल. रोगजंतूंसाठी उकळते पाणी, कडक ऊन आणि प्रसंगी क्लोरीन.

ही विभागणी ध्यानात ठेवली तर पुष्कळसा खर्च आणि श्रम वाचतात. सोडा आणि शिरका एकत्र करून वापरण्याची टूम अलीकडे पसरली आहे. या मिश्रणाला जोरदार फेस येतो. परंतु तो केवळ कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा असतो. एकाने दुसऱ्याचा गुण मारला जातो आणि मागे उरते ते बव्हंशी खारट पाणी. सोडा सोड्याच्या जागी आणि आम्ल आम्लाच्या जागी वापरावे, हेच योग्य.

स्वयंपाकघर

भांडी घासण्यापूर्वी खरकटे काढून कागदाने किंवा जुन्या फडक्याने ओशटपणा पुसून घेतला, तर साबण निम्म्याने कमी लागतो आणि मोरीही तुंबत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असल्याने ती ओशटपणा काढते आणि तिचे बारीक कण करपलेला थर खरवडतात. राख चाळून घ्यावी व नारळाच्या शेंडीने लावावी. दगडी कोळशाची राख किंवा रंगवलेले लाकूड व प्लॅस्टिक जळालेल्या चुलीतील राख भांड्यांना लावू नये. तीत विषारी धातूंचा अंश असू शकतो.

तांब्या-पितळेची भांडी चिंचेच्या कोळात किंचित मीठ मिसळून घासावीत आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडी करावीत. आम्ल राहून गेल्यास भांडे पुन्हा लवकर काळवंडते. कल्हई केलेल्या भांड्याला आतून राख किंवा वाळू लावू नये, कल्हई झिजते. ॲल्युमिनियमची भांडी सोड्याने किंवा राखेने काळी पडतात. त्यांत पाणी आणि लिंबाची साल किंवा चिंच घालून उकळल्यास काळपटपणा निघतो. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळी आणावी आणि तासभर ठेवावे. घासण्याचे श्रम पुष्कळ कमी होतात.

फरशी आणि भिंती

महाराष्ट्रातील असंख्य घरांत शहाबादी फरशी आहे, स्वयंपाकाचे ओटे कडाप्प्याचे आहेत. हे दोन्ही दगड आणि संगमरवर चुनखडीच्या जातीचे. त्यांच्यावर आम्ल पडले की दगडच विरघळू लागतो. चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग त्यात मळ अधिक धरतो. म्हणून अशा फरशीवर बाजारी आम्ल तर नाहीच, लिंबू आणि शिरकाही वापरू नये. कोमट पाण्यात थोडा साबण किंवा रिठ्याचे पाणी पुरेसे असते. चिनी मातीच्या गुळगुळीत फरशीला मात्र सौम्य आम्लाचे भय नाही.

रोजच्या रोज फिनेलने फरशी पुसण्याची निरोगी घरात आवश्यकता नसते. वास उग्र म्हणजे स्वच्छता अधिक, हा समज निराधार आहे. बादलीतील पाणी वरचेवर बदलणे आणि फडके धुऊन उन्हात वाळविणे यांनी जेवढी स्वच्छता साधते, तेवढी घाण पाण्यात औषध ओतून साधत नाही.

मातीच्या जमिनी शेणाने सारवण्याने धूळ बसते आणि जमीन भेगाळत नाही. परंतु शेणात धनुर्वाताचे आणि आतड्याच्या रोगांचे जंतू असू शकतात. हातापायांवर जखम असणाऱ्याने सारवण करू नये, सारवणानंतर हात साबणाने धुवावेत आणि नवजात बालकाच्या नाळेशी किंवा कोणत्याही जखमेशी शेणाचा संबंध येऊ देऊ नये. भिंतींना चुना देणे हे आजही स्वस्त व गुणकारी आहे. चुन्याच्या अल्कधर्मामुळे भिंतीवर बुरशी सहजी धरत नाही. चुनकळी विरवताना मात्र ती उकळते व उडते. मुलांना दूर ठेवून डोळे सांभाळावेत.

कपडे

फेस म्हणजे स्वच्छता, हा धुण्याबाबतचा सर्वांत महागडा गैरसमज आहे. फेसाचा आणि मळ निघण्याचा तसा संबंध नाही. जास्त पावडर घातल्याने कपडा अधिक स्वच्छ होत नाही. तो खळबळण्यास पाणी मात्र दुप्पट लागते. पुडीवर सांगितलेल्या प्रमाणाहून थोडी कमी पावडर घेऊन पाहावी; साध्या मळासाठी ती पुरते. कपडे आधी भिजत घालणे, कॉलर व बाह्या तेवढ्या हाताने चोळणे आणि उन्हात वाळविणे यांनी पावडरीचे बरेचसे काम होते.

विदर्भ-मराठवाड्यातील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असते. तेथे साबण क्षारांशी संयोग पावून त्याची चिकट साय धरते आणि साबण वाया जातो. सुती कपड्यांसाठी अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवून घेतल्यास पाणी मऊ होते. लोकर व रेशीम यांना सोडा चालत नाही. त्यांच्यासाठी रिठाच उत्तम. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर उकळावीत, चोळून गाळून घ्यावीत. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे.

खरेदी करताना वेष्टनावरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. पर्यावरणास तुलनेने कमी बाधक अशा वस्तूंसाठी केंद्र शासनाने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना सुरू केली. साबण व डिटर्जंट यांचाही तीत समावेश होता. तिच्यासाठी बोधचिन्ह म्हणून मातीचा घडा निवडण्यात आला. या योजनेचे नवे नियम २०२४ मध्ये निघाले आहेत. ग्राहकांची मागणी वाढल्याखेरीज अशा योजना रुजत नाहीत.

कपाट आणि कणगी

कपाटात ठेवण्याच्या डांबरगोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात. लहान मूल त्या खडीसाखर समजून तोंडात घालते. ज्यांच्या रक्तपेशींत जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या पदार्थाने फुटतात. अशा तान्ह्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी वापरल्यानेही कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नमूद आहेत. लोकरीचे कपडे धुऊन, ऊन देऊन, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवणे हा निर्धोक उपाय. रेशमी वस्त्रे सुती कापडात गुंडाळावीत आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे ठेवण्याची जुनी चाल चांगली आहे.

धान्याच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. गहू-तांदळाला बोरिक पावडर चोळणे किंवा पाऱ्याच्या टिकड्या ठेवणे टाळावे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपलेल्या कुटुंबाचा जीव घेऊ शकतो. धान्याला कडक ऊन देणे, ते पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या कणगीत किंवा डब्यात भरणे, त्यात कडुलिंबाचा सुका पाला घालणे आणि डाळींना एरंडेलाचा हात लावणे हे उपाय घरगुती साठ्याला पुरेसे आहेत.

न्हाणीघर व संडास

घरातील सर्वांत धोक्याची बाटली बहुधा संडासाच्या कोपऱ्यात असते. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण ही दोन्ही एकापाठोपाठ ओतली जातात आणि त्यांतून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला तोच हा वायू. दार लावून घेतलेल्या लहानशा संडासात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. अमोनिया असलेल्या द्रावणाशी ब्लीच मिसळल्यासही विषारी वायू तयार होतात. यास्तव दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. डोळ्यांची वा श्वासाची आग झाल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे, डोळे भरपूर पाण्याने धुवावेत व डॉक्टरांना दाखवावे. असे द्रव सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नयेत. मुलांच्या अपघातांचे ते एक ठळक कारण आहे.

सेप्टिक टाकीचे काम जिवाणूंवर चालते. मैल्याचे विघटन तेच करतात. आम्ल व जंतुनाशक यांचा भडिमार झाला की हे जिवाणू मरतात, टाकी लवकर भरते आणि तिचे घाण पाणी गटारात येते. संडास रोज ब्रशाने व साध्या साबणाने घासल्यास क्षारांचे थर धरतच नाहीत; धरलेच तर शिरका किंवा लिंबूसत्व रात्रभर ठेवून सकाळी घासावे.

घरगुती उपायांची मर्यादा

झाडापासून मिळालेली वस्तू निरुपद्रवीच असते, असे नाही. रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य माशांना विषासमान असते. ओढ्यात मासे धरण्यासाठी रिठ्यासारख्या वनस्पतींचा वापर पूर्वापार होत आला आहे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. म्हणून तेही बेताने वापरावे आणि थेट ओढ्यात-तळ्यात ओतू नये.

तसेच घरात कॉलरा, गॅस्ट्रो यांसारखा साथीचा आजार असेल, तर लिंबू किंवा कडुलिंब यांवर विसंबणे धोक्याचे होय. तेथे क्लोरीनच हवा. ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणून ओळखली जाणारी ताजी ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात मिसळल्यास सुमारे एक टक्का क्लोरीनचे द्रावण तयार होते. रुग्णाच्या उलटी-जुलाबाने दूषित झालेल्या जागेवर ते अर्धा तास राहू द्यावे व नंतर जागा धुवावी. जेथे गरज आहे तेथे औषध नेमके वापरावे. जेथे नाही तेथे राखून ठेवावे.

सांडपाण्याचा सदुपयोग

ग्रामीण भागात नळाचे पाणी दारी आले आणि त्याबरोबर सांडपाणीही वाढले. ते रस्त्यावर सोडल्यास डबकी होतात व डास वाढतात. यावर परसबाग आणि शोषखड्डा हे दोन सोपे उपाय आहेत. सौम्य साबणाचे पाणी केळ, अळू, कर्दळ यांना देता येते. शोषखड्ड्याच्या मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवून भोवती दगड व खडी भरतात. पाणी जमिनीत जिरते आणि डासांना अंडी घालण्यास जागा उरत नाही. नांदेड जिल्ह्यातील अनेक गावांनी हा मार्ग अवलंबून गटारमुक्तीचा धडा घालून दिला. खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा आणि संडासाचे पाणी त्यात सोडू नये. अर्थात, त्यात जाणारे पाणी सौम्य असेल तरच परसातील झाड जगेल आणि भूजल निर्मळ राहील. नदीसाठी केलेला संयम येथे घरच्याच विहिरीच्या कामी येतो.

या साऱ्या उपायांना विशेष खर्च नाही. पावडरीचा एक चमचा कमी करणे, आम्लाची बाटली विकत न आणणे, डांबरगोळ्यांऐवजी ऊन वापरणे, एवढीच त्यांची मागणी आहे. घर झाडणे-पुसणे हे एकट्या स्त्रीचे काम मानण्याची रूढी सोडून घरातील सर्वांनी त्यात हात घातला, तर कोणती वस्तू किती वापरली जाते हेही सर्वांना कळेल. गाडगेबाबांचा खराटा घरापुढचा रस्ता झाडीत असे. आजचा रस्ता मोरीच्या नळीतून सुरू होतो आणि कोणाच्या तरी घागरीपाशी संपतो. तो निर्मळ राखणे हाच आजच्या काळातील स्वच्छतेचा खरा अर्थ होय.